पाचातलं एक फूल

ओयार्स मास्तरांनी वेल्गाला बारा वर्षं शंभर मीटर पळवलं. अख्ख्या सिगुल्दा गावात तिच्यासारखं सुटणारं कुणी नव्हतं. पण शेवटच्या वीस मीटरांत ती मागं पडायची आणि देशाच्या संघातून दर वेळी नाव गळायचं. सव्विसाव्या वर्षी डाइगा तिच्या दारात आली. ही डाइगा बर्फाच्या घसरणीवर बॉबस्ले, म्हणजे दोघींची घसरगाडी, चालवायची.

"मला फक्त तीस मीटर ढकलणारी हवी," ती म्हणाली. "पुढचं मी बघते. आणि जरा अंग धर बाई, नुसती काडी आहेस."

वेल्गा हे सांगायला गेली तर मास्तर भडकले. "मी तुला मान वर ठेवून फीत छातीवर घ्यायला शिकवलं. तिथं तू ढकलणार, मागं उडी मारणार आणि मान गुडघ्यांत घालणार. ओझं होणार, ओझं. जा."

त्यानंतर बाजारात ती दिसली तरी ते वाट बदलत. हट्टी म्हातारा, दुसरं काय.

वेल्गानं डुकराची चरबी घातलेले वाटाणे रेटून तेरा किलो वजन वाढवलं. तीन हिवाळे गाडी ढकलली आणि उतारभर स्वतःचे गुडघे पाहिले. मनात एवढंच होतं, की एक पदक मिळावं आणि मास्तरांनी एकदा तरी "बरं केलंस" म्हणावं.

पदक मिळालं, तेही सिगुल्द्यातच. दुसरा नंबर. सोबत पाच ट्यूलिप. कपडेही न बदलता ती मास्तरांच्या घरी निघाली.

दार त्यांच्या बायकोनं, आउस्ट्राकाकूंनी उघडलं. मागं आरसा कापडानं झाकलेला होता, तिथं मयताच्या घरी झाकतात तसा.

"सकाळी गेले गं," काकू म्हणाल्या. "तुझी गाडी सुटायच्या आधीच."

"माझ्याबद्दल काही म्हणाले?"

काकूंना खोटं बोलता आलं असतं. पण त्या तशा बाई नव्हत्या.

"काल रेडिओवर तुझं नाव आलं. त्यांनी तो बंद करायला लावला."

वेल्गानं फुलं पुढं केली. काकूंनी ती मोजली. जिवंत माणसाला विषम, मेलेल्याला सम, हे तिथं शेंबडं पोरही जाणतं.

"पाच चालायची नाहीत आता," म्हणत त्यांनी एक फूल काढून तिच्या हाती परत दिलं आणि चार आत नेली.

वेल्गा ते एक फूल घेऊन पायरीवर बसली आणि तीन वर्षांच्या सवयीनं तिनं मान गुडघ्यांत घातली.