म्हशीची वीट

आटपाडीत पेंडीच्या दुकानात, जनावरांना चाटायला टांगतात त्या तांबड्या खनिज विटेचा खारट वास आला आणि माझं पहिलं गरोदरपण आठवलं. रक्त कमी म्हणून आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या सासूबाईंनी उकिरड्यावर फेकल्या होत्या. म्हणे, ‘पोर काळं निपजंल.’ मला सारखी माती खावीशी वाटायची. एका दुपारी गोठ्यात टांगलेली तसलीच वीट मी चाटत असताना त्यांनी मला धरलं. ‘म्हस दूध देती, तू काय देतीस गं?’ म्हणाल्या, आणि म्हशीला उष्टी नको म्हणून वीट धुऊन परत टांगली. आता त्यांचंच रक्त कमी झालंय. रोज त्या गोळीसाठी हात पुढं करतात, आणि गोळी देण्याआधी मी रोज विचारते, ‘आत्या, तुमी किती दूध देता?’