तानमास्तर आणि पाच किलवर

लोयांगच्या गिअर कारखान्यात तान छिंगहे यांनी उभी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर ब्रिजला वाहून घेतलं. कारखान्यात नव्या पोरांना शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना तानमास्तर म्हणत. ते स्वतः मात्र म्हणत, "मास्तर कसला! शिकवतो तेच नेमकं मला येत नाही." ऐकणाऱ्याला हा विनय वाटायचा. तो विनय नव्हता, वस्तुस्थिती होती.

मास्तरांची पंचाईत एकच, ठरवणं. बूट घ्यायला गेले की दुकानदार दिवे मालवायला लागेपर्यंत दोन्ही जोड पुढ्यात. लग्नाचंही बायकोनेच विचारलं होतं. "जरा विचार करायला वेळ दे," हे म्हणाले. "नाही देत," ती म्हणाली, म्हणून संसार झाला. ती गेल्यावर ही गोष्ट ते स्वतःच रंगवून सांगत आणि स्वतःच आधी हसत.

ब्रिजमध्ये त्यांची भिडू होती त्यांची विहीण, मियाओ शूछिन. शस्त्रक्रियेच्या खोलीत नर्स म्हणून जन्म गेलेला. डॉक्टरने हात पुढे करायच्या आत कात्री त्याच्या तळव्यावर ठेवणारी बाई. मास्तरांचे मुलगी-जावई शेनचेनला गेले, नातूही गेला, आणि मागे उरलेल्या या दोघांनी जोडी जमवली. व्याह्यांशी भांडायला निमित्त हवं, ते पत्त्यांनी पुरवलं.

त्या वसंतात निवृत्तांच्या सभागृहात मास्तरांनी एक व्याख्यान दिलं. विषय त्यांनीच निवडला होता : समोरच्याने सुरुवातीलाच उंच बोली लावली तर काय करायचं. ब्रिजची बोली पायरी पायरीने चढते, आणि त्या चढण्यातूनच भिडू एकमेकांना आपली पानं कळवतात. पण कुणाकडे एकाच रंगाची सात-आठ पानं असली आणि बाकी सगळा ठणठणाट असला, तर तो थेट चौथ्या नाहीतर पाचव्या पायरीवर उडी मारतो. स्वतः जिंकायला नव्हे, समोरच्यांचं बोलणं तोडायला.

"अशा वेळी काय?" मास्तरांनी फळ्यावर खडू आपटला. "ताकद असेल तर डबल द्या. म्हणजे भिडूला सांगा, माल आहे माझ्याकडे, आता तू ठरव. तोही पास म्हणाला आणि त्यांची बोली फसली, तर त्यांना दंड जबर. लांब, भक्कम रंग असेल तरच वर बोला. नाहीतर मुकाट्याने पास. आणि सगळ्यात चांगलं तेच मिळालं पाहिजे हा हट्ट सोडा. जागा त्याने पळवली आहे. बरं मिळेल ते पदरात घ्या."

टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत बसलेला क्वो चानप्याओ, कारखान्याच्या बँडमधला एकेकाळचा ढोलकवाला, सगळ्यात जोरात वाजवत होता. मास्तर खूश झाले. मास्तर पटकन खूश होत.

पुढे त्याच सभागृहात ब्रिजची स्पर्धा झाली, तेव्हा हाच क्वो त्यांच्या टेबलावर आला. समोर भिडू म्हणून त्याची बायको, मांडीवर सूर्यफुलाच्या बियांची पुडी.

"मास्तर, तुमचं व्याख्यान फार आवडलं हं," असं म्हणत क्वोने पहिल्याच डावात बोलीचं कार्ड मांडलं. चार इस्पिक.

मास्तरांच्या हातात चांगली पानं होती. फार चांगली नव्हती, पण चांगली होती. उंच बोलीनंतर प्रत्येकानेच जरा थांबायचं असतं, तेवढे ते थांबले. मग आणखी थांबले. डबल द्यावं तर बदाम तोकडे, पास म्हणावं तर एक्के फुकट. क्वोची बायको बिया फोडत होती. पुडी निम्मी झाली, बशीत टरफलांचा ढीग झाला.

"पास," मास्तर म्हणाले.

विहीणबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू टाके न घालता कुणी पोट उघडं सोडलं असावं. मग त्यांनीही पास केलं, आणि चार इस्पिक आरामात झाले.

"बदामांची बोली होती माझ्याकडे," डाव संपल्यावर त्या म्हणाल्या.

"मग बोलायचं ना, विहीणबाई!"

"कशी बोलू? तुम्ही एवढा वेळ घाम पुसत बसलात! तुमच्याकडे माल आहे हे बाहेरच्या पहारेकऱ्यालाही कळलं. भिडूच्या घुटमळण्यावरून ओळखून बोललं तर ती लबाडी होते. तुम्ही पास केलंत आणि वर माझंही तोंड शिवलंत."

मास्तरांना हे पटलं, आणि पटलं की ते दुसऱ्या टोकाला जात. पुढच्या डावात क्वोने चार बदाम लावले. मास्तरांनी थांबायचं तेवढंच थांबून रुबाबात डबल दिलं. हातात दोन राण्या, एक गुलाम आणि बाकी भाजीपाला. विहीणबाईंना वाटलं, व्याह्यांकडे दारूगोळा आहे. त्यांनी चार इस्पिक केले, क्वोच्या बायकोने बियांचा हात झटकून डबल दिलं, आणि मग जे झालं त्याला खेळ म्हणत नाहीत.

"कशाच्या जिवावर डबल दिलंत?" विहीणबाईंनी शांतपणे विचारलं. त्या शांत झाल्या की मास्तरांना धडकी भरे.

"वेळेत दिलं," मास्तर म्हणाले.

क्वो एवढा हसला की त्याला ठसका लागला. "मास्तर, पुढच्या व्याख्यानाला मी खुर्च्या लावतो!"

"लावा. मीही ऐकायलाच बसेन म्हणतो," मास्तर म्हणाले, आणि स्वतःच हसू लागले. साठी उलटलेला माणूस, व्याख्यान दिलेला माणूस, आणि दोन्ही बाजूंनी चुकायची पाळी एकाच टेबलावर!

तिसऱ्या डावाला त्यांनी पानं उचलली आणि ती बघून त्यांना घाम फुटला. इस्पिकचे एक्का-राजा, चौकटचा एक्का, बदामचे राजा-राणी. क्वोने कार्ड मांडलं, पाच किलवर.

या वेळी मास्तर हातातल्या पानांकडेच बघत राहिले. विहिणीकडे काय असेल, क्वोला काय वाटेल, हे सगळं त्यांनी बाजूला सारलं. ताकद आहे, पण लांब रंग नाही. डबल. नेहमीच्या वेळात, नेहमीच्या चेहऱ्याने.

विहीणबाईंकडे पाच बदाम होते. त्यांनी एकवार पानांवरून बोट फिरवलं आणि पास केलं. क्वोला पाच किलवर खेळावेच लागले, आणि तीन हात कमी पडले. ढोलकवाल्याने बायकोच्या पुडीत हात घातला.

मास्तरांची छाती फुगली. बाहेर पडताना विहिणीला गरम सूप पाजायचंही त्यांनी ठरवून टाकलं, तेही चटकन.

मग निकाल लागला. तीच पानं सगळ्या टेबलांवर खेळली गेली होती. बाकीकडे कुणी पाच किलवर लावलेच नव्हते. तिथे लोक निवांत गप्पा मारत पायऱ्या चढले आणि सहा बदाम करून मोकळे झाले. या डावात मास्तरांची जोडी तळाला होती.

"म्हणजे आयुष्यात एकदा मी बरोबर ठरवलं," मास्तर फलकापुढे उभे राहून म्हणाले, "आणि त्याचे सगळ्यात कमी गुण!"

"व्याहीबुवा," विहीणबाई म्हणाल्या, "पाचच्या वर काय आहे ते त्या जागेवरून दिसत नव्हतं. उद्या तीच पानं आली तर मी पुन्हा पासच करीन."

"खरंच?"

"खरंच. पण त्या दोन राण्यांच्या डबलचं तुम्हाला जन्मभर ऐकवीन."

सूप पिताना त्यांनी ते ऐकवलंच. मास्तरांनी भाकरीचे तुकडे सुपात बुडवले आणि मान डोलावत सगळं ऐकून घेतलं. मधेच गुलामही होता, अशी दुरुस्ती तेवढी केली.