शेवटची ओळ विसरणाऱ्या सासूबाई

गावात कोणाचा नवरा गेला की त्या बाईच्या बांगड्या फोडायला काकूंना बोलावणं जायचं. मनगटाला काच न लागू देता त्या काम उरकायच्या, आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता. स्वतः ऐन तरुणपणी विधवा झालेल्या. कोणी नाक मुरडलं की म्हणायच्या, "माझ्या फोडल्या तवा कोणी अडवलं न्हाई. मंग आताच काय झालं?"

आमच्या बचत गटाने याच प्रथेविरुद्ध पथनाट्य बसवलं. सुनेच्या बांगड्या फोडायला निघालेली आणि शेवटी विरघळणारी सासू कोण करणार? सगळ्यांनी काकूंकडे बोट दाखवलं. मला वाटलं, चिडतील. पण जीपने नेणार असाल तर येते, म्हणाल्या. तेव्हापासून गाव त्यांना सासूबाईच म्हणू लागलं.

काम त्या झकास करायच्या. बदनापूरच्या बाजारात एक म्हातारी त्यांच्या अंगावर धावून आली, तर सासूबाई नाटक सोडून तिच्याशीच भांडत बसल्या. घोडं पेंड खायचं ते शेवटी. 'राहू दे तिच्या हातात' एवढंच म्हणायचं, पण ते कधी आठवायचं नाही. मी मागून सांगायची, मग त्या जमिनीकडे बघून पुटपुटायच्या. एकदा मी वैतागले, तर म्हणाल्या, "पटत न्हाई ते तोंडात बसत न्हाई, बाई."

घनसावंगीहून परतताना मात्र त्या जीपमध्ये माझ्याजवळ सरकल्या. सुनेचं काम करणारी पोर रोज खरीच रडते, एवढंच बोलल्या.

मग माझे वडील गेले. बांगड्या काढायच्या नाहीत, असं आई कधीपासून म्हणायची. पण त्या दिवशी तिच्यात बोलायचं बळ नव्हतं आणि माझं कोणी ऐकत नव्हतं. आत्याने सासूबाईंना बोलावून घेतलं.

सासूबाईंनी आईचे दोन्ही हात मांडीवर घेतले. मी मागून सांगायला पुढे सरकले.

"राहू दे तिच्या हातात," सासूबाई म्हणाल्या. आत्या काही बोलू लागली, तिला म्हणाल्या, "लई फोडल्या. आता माझ्याच्यानं होत न्हाई."

मला इतकं हायसं वाटलं की वडिलांसाठीचं रडू तेव्हा कुठे फुटलं.

नाटकात त्या अजून काम करतात. पण हल्ली सून समोर येऊन बसली न बसली, की लगेच शेवटची ओळ म्हणून मोकळ्या होतात. मग मला मागून ओरडावं लागतं, "अजून नाही, सासूबाई."