दूध केंद्रावरची चाचणी

वडगाव निंबाळकरच्या दूध केंद्राचे सचिव प्रत्येक मेसेज मोठ्याने वाचतात, अगदी 'शुभ सकाळ'सुद्धा. आजारी जनावरांची खबर डॉक्टरांना मिळावी म्हणून मी कोड न लिहिता ॲप तयार करता येणाऱ्या साधनावर तीन आठवडे खपून स्वतंत्र ॲप बनवले होते. गावकरी रोज वापरतात त्या चॅटमध्येच फॉर्म बसवायचा सचिवांचा पर्याय मला दुय्यम वाटे. सचिवांनी चाचणीच घ्यायची ठरवली. दूध घालायला रांगेत उभ्या असलेल्या आबांना म्हणाले, "आबा, गाय आजारी हाय असं समजा. डॉक्टरला कळवा."

आबांनी फोनवर बसवलेल्या माझ्या ॲपकडे न पाहता चॅट उघडली आणि बोलूनच निरोप धाडला. क्षणात डॉक्टरांचे उत्तर आले आणि सचिवांनी ते मोठ्याने वाचले : "निघालो."

"आता एखादी गाय आजारी पाडा, आबा!" सचिव हसले आणि डॉक्टरांना थांबवायला घाईघाईने फोन लावू लागले. मी चॅटमधला फॉर्म बनवायला घेतला.