ताईच्या घराची प्रकाशयोजना

नाट्यगृहात त्याला सगळे ‘डिमर’ म्हणत. रंगमंचावरचा उजेड तो इतका हलकेच उतरवायचा, की अंधार झालाय हे प्रेक्षकांना टाळ्या वाजवायची वेळ आली की कळायचं. घायकुतीला आलेला एखादा दिग्दर्शक तालमीत खालून ओरडायचा, "अहो, सूर्य मावळतोय की मुक्कामाला थांबलाय?" डिमर वरच्या खोलीतून नुसता हसायचा आणि आपल्या बोटांना जराही घाई करू द्यायचा नाही. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड टाकला आणि स्वतः काळा शर्ट घालून काळोखात बसला. त्यात त्याला काही कमी वाटलं नाही. लग्न तेवढं राहून गेलं. ते कसं राहिलं, हे त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. एका नाटकातून दुसऱ्या नाटकात जाताना मधे कुठेतरी राहिलं असावं.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले, दिव्यांची शिडी चढणं नकोसं झालं, आणि त्यानं काम सोडलं. थोरल्या बहिणीचा फोन आला. "वरची खोली रिकामी आहे," ताई म्हणाली. "ये इकडे. आणि ते काळे शर्ट तिथेच कुणाला तरी देऊन टाक. घरात वावरणारा माणूस मला दिसायला हवा."

ती थट्टा करतेय असं त्याला वाटलं.

ताईचं घर समुद्राकाठच्या गावात, अगदी शेवटच्या गल्लीत होतं. खाली बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर, मधून वर जाणारा अरुंद जिना, वर दोन खोल्या. भावोजी जाऊन बराच काळ लोटला होता, मुलगी नोकरीसाठी शहरात राहत होती. ताईनं शाळेत शिवणकाम शिकवण्यात जन्म घालवला होता. गावात कुणाच्याही शर्टाचं बटण तुटलं की लोक तिच्याकडे बघून ओशाळे व्हायचे.

पहिले काही दिवस डिमरला स्वप्नात असल्यासारखे गेले. सकाळी जाग यायची तेव्हा पाण्यावरून उसळलेलं ऊन खिडकीतून आत येऊन छतावर डोलत असायचं. तो पडल्या पडल्या त्याकडे बघत राहायचा. इतकी वर्षं त्यानं रंगीत कागद आणि पंखे लावून पाण्याचा आभास उभा केला होता, आणि इथे समुद्र रोज फुकटात तेच करत होता, तेही न चुकता. दुपारी उजेड भिंतीवरून ओसरायचा, संध्याकाळी जिन्याच्या कठड्यावर येऊन रेंगाळायचा, आणि मग घर निळसर होत होत कुठल्या कुठे बुडून जायचं.

बुडालेलं घर तसंच राहायचं, हे त्याच्या जरा उशिराच ध्यानात आलं. ताई दिवाच लावत नसे. तिन्हीसांजेला ती खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसून राही. त्यानं बटण दाबलं की छतावरची ट्यूब फडफडून पेटे आणि ताई पटकन मान फिरवी. "राहू दे ना," ती म्हणे. "बाहेरचा आहे की अजून थोडा."

एका संध्याकाळी तिनं चहा ओतला तो कपाच्या शेजारी. बशीत नव्हे, थेट ओट्यावर. दोघंही त्या पसरत जाणाऱ्या चहाकडे बघत उभी राहिली. म्हणजे तो बघत होता. ताई कुठे बघतेय ते त्याला कळेना.

"ताई, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माझ्याशी नाटक करू नकोस. मी हजारो नाटकं बघितलीत."

मग ती खुर्ची ओढून बसली आणि तिनं सांगितलं. नजरेच्या बरोबर मधोमध एक धुरकट डाग आला होता. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जाई, आजूबाजूचं मात्र दिसे. डॉक्टर म्हणाले होते, कडेची नजर शाबूत राहील. डोळ्यांवर झगझगीत उजेड येऊ देऊ नका, पण अंधारातही वावरू नका. "आता झगझगीत नको आणि अंधारही नको, म्हणजे मी बसायचं कुठे?" ताई म्हणाली. "ती ट्यूब लावली की डोळ्यांत वाळू फेकल्यासारखं होतं. त्यापेक्षा अंधार बरा. अंधारात सगळेच सारखे."

मुलीला तिनं थोडंसंच सांगितलं होतं. पण तेवढ्यानंही ती काळजीत पडली होती, आणि आईला शहरात न्यायचं तिच्या मनात घोळत होतं. "मी काय फुलदाणी आहे," ताई पुटपुटली, "इथली उचलली, तिथे ठेवली?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच डिमर किनाऱ्यावर गेला. डोक्यात काही ठरलेलं नव्हतं. ओहोटी होती, धुकं होतं, पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे लागतं काही कळत नव्हतं. वाळूत एक चपटा, तळहाताएवढा शिंपला रुतला होता, कागदासारखा पातळ. त्यानं तो उचलून धुक्यातल्या सूर्यासमोर धरला. उजेड पलीकडून आला, पण टोचत आला नाही. शिंपल्यात शिरला, तिथे जरासा थांबला, आणि दुधासारखा होऊन बाहेर पडला. डिमर बराच वेळ हात वर करून तसाच उभा राहिला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, हा माणूस कुणाला तरी थांब म्हणतोय.

त्या दिवसापासून त्याच्या चकरा सुरू झाल्या. शिंपले, लाटांनी वाहून आणलेल्या फांद्या आणि मुळं, घासून घासून गुळगुळीत झालेल्या हिरव्या-पांढऱ्या काचा, जे दिसेल ते तो पिशवीत भरू लागला. ओहोटीला शिंपल्या वेचायला येणारी एक बाई होती, बाजारात विकायची. तिनं एकदा त्याची पिशवी उघडून बघितली.

"शंख काढा त्यातले," ती म्हणाली.

"का बरं? रिकामेच आहेत. दिवे करायचेत मला यांचे."

"आज रिकामे आहेत. खेकडे त्यात बिऱ्हाड करतात. तुमच्या घरी दिवे लागतील आणि ते येतील रस्त्यावर." मग तिनं बंद तोंडाचे शिंपले निवडून पाण्यात परत टाकले. "हे जिवंत आहेत. उघडे, फुटके, पातळ झालेले, ते न्या हवे तेवढे. म्हणजे हवे तेवढे नाही. थोडे."

त्यानं शंख मुकाट्यानं वाळूवर ओळीनं मांडून ठेवले. त्यानंतर तो ती म्हणाली तसाच वागला.

पहिला दिवा मोठा झोकात झाला. वाकड्या मुळावर शिंपल्यांची झुंबरासारखी टोपी, आत बल्ब. आणि घरात असा वास सुटला, की ताई नाकाला पदर लावून अंगणात जाऊन बसली. "दिवा लावलास की मासळी बाजार भरवलास?" तिनं तिथून विचारलं. दुसरा दिवा वास न येता लागला, पण लाकडात मुरलेल्या मिठानं बल्बचा होल्डर गंजवून टाकला. एका दमट संध्याकाळी ठिणगी उडाली आणि घरभर काळोख झाला. अंधारात ताईचं हसू ऐकू आलं. "हे मात्र तुला छान जमलं," ती म्हणाली.

मग त्यानं दमानं घेतलं. लाकूड गोड्या पाण्यात भिजत घालायचं, पाणी बदलत राहायचं, चाखून बघायचं. खारटपणा गेला की सावलीत वाळवायचं. शिंपले उकळत्या पाण्यातून काढून घासायचे. कमी विजेचे, पिवळसर उजेडाचे छोटे बल्ब घ्यायचे, ते तापत नाहीत आणि शिंपल्यांना तडा जात नाही. कौलांवर एक लहानसं सोलर पॅनेल बसवलं, दिवसभराचं ऊन बॅटरीत साठायचं. सगळं खरं, पण तरी काहीतरी चुकत होतं. दिवे सुंदर होते आणि ताई तरीही ठेचकाळत होती.

उत्तर सापडलं ते एका दुपारी. ताई जिना उतरत होती आणि तो खाली बसला होता. त्याला एकदम तालमीची आठवण झाली. दिवे लावायच्या आधी नट कुठे चालतो, कुठे वळतो, कुठे थबकतो हे बघायचं असतं. त्यानं ते केलंच नव्हतं.

"ताई, तू चाल," तो म्हणाला. "रोज चालतेस तशी. चहा कर, वर जा, कपाट उघड. मी नुसता बघतो."

"कशाला? शोभा करायला?"

"तालीम समज."

ताई चालली. आधी अवघडून, मग विसरून. तो मागे मागे गेला. ओट्याच्या कोपऱ्याशी तिचा हात हवेत चाचपडतो. जिन्याच्या वळणावर ती पाय टाकण्याआधी श्वास धरते. कपाटापुढे मान तिरकी करते, कारण सरळ बघितलं तर कपाटच नाहीसं होतं. कित्येक दिवस त्यानं तिला असंच चालवलं, सकाळी, दुपारी, कातरवेळी. अशा एका फेरीत ती मधेच थांबून म्हणाली, "मला इतकं निरखून कुणी बघितलं नव्हतं रे." आणि पुढे चालू लागली.

आता दिवे तिच्या चालण्याला धरून बसू लागले. डोळ्यांसमोर एकही नाही. सगळे बाजूला, कमरेच्या खाली, कोपऱ्यांत दडलेले. ओट्याखाली शिंपल्यांची एक आडवी पट्टी, तिचा उजेड फक्त भांड्यांवर पडे. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला त्यानं फुटक्या शिंपल्यांचा चुरा चुन्यात कालवून बसवला. भिंतीतून मंद उजेड आला की प्रत्येक पायरीला पांढरी किनार दिसे. कपाटाजवळ हिरव्या काचांचा दिवा, पलंगाजवळ पांढरा, म्हणजे रंगावरूनच खोली कळावी. शिंपले निवडायचं काम ताईनं आपणहून घेतलं. बोटांत धरून ती सांगे, "हा जाड आहे, हा पातळ, हा मधे फुटणार." तो उजेडासमोर धरून बघे आणि तिचं बरोबर निघे.

भाची आली ती अशाच एका संध्याकाळी, न कळवता. दारातून आत आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. घरभर उजेड होता, पण दिवा कुठे दिसत नव्हता. भिंती आतून पहाट झाल्यासारख्या वाटत होत्या. ती छताकडे बघत पुढे सरकली आणि स्वतःच्याच बॅगेला अडखळून पडता पडता वाचली.

"सांभाळून गं," स्वयंपाकघरातून ताई म्हणाली.

मग ताईनं चहा केला. कपात ओतला, सगळा कपात. ट्रे घेऊन जिना चढली, वरच्या खोलीत ठेवला, खिडकी उघडली. भाची मागोमाग गेली, तिच्यामागून डिमर. चहा निवत आला तरी तिनं घोट घेतला नव्हता.

"आई, मी तुला न्यायला आले होते."

"माहीत आहे. एवढी मोठी बॅग आणलीस आणि ती वाजतेय रिकामी."

"तू तिकडे माझ्याजवळ असतीस तर..."

"तिकडे मला तू सांभाळशील," ताई म्हणाली. "इथे मीच मला सांभाळते. फरक आहे ना?"

भाची रडली थोडी. मग मामाकडे वळून म्हणाली, "मामा, मला आधी सांगायचं होतंस. मी रोज तिच्या पडण्याची स्वप्नं बघतेय." तिचं बरोबर होतं. तो म्हणाला, "चुकलंच," आणि तिच्यासाठी दुसरा गरम चहा आणायला खाली गेला. ठरलं असं, की ताई इथेच राहील, भाची दर महिन्याला येईल, आणि मामा काहीही लपवणार नाही.

पुढे गोष्ट गावात पसरली. किनाऱ्यावरच्या विश्रामगृहाच्या मालकाला सगळ्या खोल्यांसाठी दिवे हवे होते, तेही लवकर. डिमरनं त्याला किनाऱ्यावर नेलं आणि विचारलं, "तुमच्या सगळ्या खोल्यांना पुरतील एवढे शिंपले दिसतात का तुम्हाला इथे?" मालकानं बघितलं आणि वाट बघायचं कबूल केलं. भरती जसजशी सामान आणून टाके तसतशी त्याची एकेक खोली उजळत गेली. मात्र जिथे कुणी म्हातारं माणूस चाचपडत असे, त्या घरी डिमर आधी जाई.

ताईच्या डोळ्यांतला डाग वाढत गेला, सावकाश, कुणालाही घाई नसल्यासारखा. एका हिवाळी संध्याकाळी दोघं पुळणीवर बसली होती. पाणी राखाडी झालं होतं, आकाश त्याहून थोडं फिकं. ताईनं त्याच्याकडे तोंड वळवलं.

"आता तुझा चेहरा अजिबात दिसत नाही," ती म्हणाली. "कान दिसतात फक्त."

"मग?"

"बाबांचे कान आहेत तुझे. इतकी वर्षं चेहऱ्याकडेच बघत राहिले, कधी लक्षातच आलं नव्हतं."

डिमरनं आपल्या कानाला हात लावून बघितला. ताई हसत होती. पाणी वर चढू लागलं होतं. दोघं उठली आणि ओल्या वाळूतून सावकाश चालत गल्लीकडे निघाली.