चेहरा दिसेल असा फोटो

माझे फोटो पाहिले की लोक आधी हेच विचारतात, हा हलला कसा? धारवाडला एका छोट्या हॉलमध्ये माझं पहिलं प्रदर्शन लागलं, तेव्हा एक निवृत्त प्राध्यापक प्रत्येक फोटोसमोर थांबून चष्मा काढत, पुसत आणि पुन्हा लावत होते. शेवटी माझ्याजवळ आले आणि अगदी मायेनं म्हणाले, "बाई, आधी कॅमेरा दुरुस्तीला टाकायचा होता की." मी तोंडभर हसले आणि घरी येऊन रागानं रडले.

कॅमेऱ्याला काही झालं नव्हतं. तो मीच हलवत होते. शटर नेहमीपेक्षा जास्त वेळ उघडं ठेवायचं आणि तेवढ्यात कॅमेरा वरून खाली ओढायचा, नाहीतर चालणाऱ्या माणसाबरोबर आडवा न्यायचा, ही माझी रीत. माणूस पुसट होतो, त्याचं चालणं राहतं. हे शिकले ते मात्र उलट्याच शाळेत. कोप्पीकर रोडवरच्या एका स्टुडिओसाठी मी लग्नाचे फोटो काढायची. तिथले मालक, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, दिवसभर एकच मंत्र म्हणत: "अल्लाडब्याड्री, हलू नका!" एका लग्नात अक्षता पडायच्या ऐनवेळी फ्लॅशनं दगा दिला. शटर उघडंच राहिलं. फोटोत नवरा-नवरी कुठेच नव्हते, नुसत्या हातांच्या लाटा आणि पिवळ्या रेघांचा पाऊस. अण्णा म्हणाले, उडवून टाक. मी उडवला नाही. त्या लग्नात खरं काय चाललं होतं ते त्या एकाच फोटोत आलंय असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

पुढे लग्नं कमी केली. धारवाडच्या रस्त्यावरची निलगिरीची झाडं, चिगरी या सिटी बसमधून उतरणारी गर्दी, बाजारात पालेभाजीवर पाणी मारणारे हात असं काय काय हलवून पाहिलं. दहातले नऊ फोटो नुसता चिखल व्हायचे. मग एक दिवस कॅमेरा अप्पांकडे वळला.

अप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर वकिली केली. आई गेल्यावर केशवापूरच्या घरात आम्ही दोघंच राहिलो. अप्पांची चाल साऱ्या कोर्टाला माहीत होती. खांदे पुढे, मान त्याहून पुढे, आणि उजवा हात पाठीमागे, जणू मागून येणाऱ्या अशिलाला 'चल लवकर' म्हणतोय. वकिली सुटली तरी चाल सुटली नाही. कोपऱ्यावर पेपर आणायला जातानाही ते खटल्याला निघाल्यासारखे निघत. मी मागे, पुढे, पलीकडच्या फुटपाथवरून त्यांच्याबरोबर कॅमेरा ओढत राहिले. पांढऱ्या शर्टाचा एक लांब फराटा आणि त्याच्या टोकाला तो हात. हे फोटो जमले. बेंगळुरूच्या एका गॅलरीनं पुढच्या प्रदर्शनासाठी तेवढेच मागितले.

याच दिवसांत अप्पा विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग जेवण झालं की नाही ते. डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि एकटं सोडू नका म्हणाले. मी मान डोलावली. अप्पा आता चालताना मध्येच थबकत, वळत, परत फिरत. फराटे वेडेवाकडे होऊ लागले आणि खोटं कशाला सांगू, फोटो आणखी चांगले येऊ लागले. मला आनंद व्हायचा आणि त्याच वेळी वाईटही वाटायचं. दोन्ही एकदम व्हायचं. कुठलं आधी, ते मी स्वतःला विचारत नसे.

त्या दिवशी सकाळी मी आतल्या खोलीत बेंगळुरूला पाठवायचे फोटो निवडत बसले होते. सगळी जमीन अप्पांनी भरली होती. बाहेरचे अप्पा व्हरांड्यात बसलेत अशी माझी समजूत. चहा घेऊन बाहेर आले तर खुर्ची रिकामी आणि फाटक सताड उघडं.

पहिल्यांदा चीड आली. मग न्हाणीघर बघितलं, गच्ची बघितली, कोपऱ्यावर पळत गेले. पेपरवाला म्हणाला, आज आलेच नाहीत. रिक्षा स्टँडवर विचारलं, कुणी पाहिलं नव्हतं. मोबाईल अप्पा ठेवतच नसत. तोवर ऊन चढलं होतं आणि मी फाटकाशी रडत उभी होते. शेजारच्या अक्का, आमच्या आईच्या मैत्रीण, पदर खोचून बाहेर आल्या. म्हणाल्या, "रडू नको ग. पोलिसात चल आधी. मी येते की."

ठाण्यातले हवालदार भले होते. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पहिली गोष्ट मागितली, "अलीकडचा फोटो द्या. चेहरा दिसेल असा. सगळ्या ठाण्यांना, बस डेपोला आत्ता पाठवतो."

मी फोन उघडला. चालणारे अप्पा. वळणारे अप्पा. उन्हात विरघळणारे अप्पा. बोट सरकवत गेले, परत मागे आले. गेल्या काही वर्षांतले अप्पांचे सगळे फोटो माझ्याकडे होते आणि एकातही नाक नव्हतं, डोळे नव्हते. हवालदारांनी फोन हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला.

"मुख एल्लैत्री?" त्यांनी विचारलं. चेहरा कुठाय.

"असेच आहेत," मी म्हटलं.

"तुम्ही काय करता?"

"मी फोटोग्राफर आहे."

त्यांनी फोन परत माझ्या हातात दिला. मी आधार कार्डावरचा फोटो दाखवला, तर त्यात मिशा, भरलेले गाल आणि काळेभोर केस. तो माणूस शोधायला निघाले असते तर अप्पा समोरून गेले तरी कुणी अडवलं नसतं. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. आता मिशी आहे? नाही. दाढी केलेली की वाढलेली? आठवेना. शर्ट कुठल्या रंगाचा? पांढरा, मी म्हटलं, आणि लगेच वाटलं, पांढरा तर माझ्या फोटोंत आहे, आज कुठला होता? चष्मा होता की घरीच राहिला? कपाळावर, गालावर काही खूण? रोज ज्यांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरले त्यांच्या गालावर तीळ आहे की नाही ते मला सांगता येईना. माणूस हरवला होता आणि त्याचं वर्णन माझ्याकडे नव्हतं. असली भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

अक्कांनी कमरेची पिशवी सोडली, आपला फोन काढला आणि बोट जिभेला लावून एकेक फोटो सरकवू लागल्या. गुड मॉर्निंगची फुलं गेली, देव गेले, नातवंडं गेली. मग एक पंगत आली. त्यांच्या घरच्या सत्यनारायणाची. पानावर होळगी, म्हणजे पुरणपोळी, त्यावर तुपाची धार, आणि पानामागे अप्पा, एक गाल फुगलेला, ओठाला तूप, सरळ कॅमेऱ्याकडे बघत हसताहेत. डाव्या भुवईजवळ तीळ होता.

"हे चालंल काय?" अक्कांनी विचारलं.

हवालदार म्हणाले, "हेच पाहिजे."

फोटो गेला. अक्कांनी आपल्या भजनी मंडळाच्या, भिशीच्या, माहेरच्या, साऱ्या ग्रुपांवर टाकला. आम्ही बाकावर बसलो. मी मनात अप्पांना रुळांवर पाहिलं, ट्रकखाली पाहिलं, उणकल तलावाच्या काठाशी पाहिलं, आणि प्रत्येक वेळी ते चेहरा नसलेला पांढरा फराटाच दिसले. माझ्याच फोटोंनी माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली होती. अक्का माझा हात दाबून म्हणायच्या, "येतील ग, येतील," आणि पुन्हा फोन उघडून ग्रुप बघायच्या.

दुपार कलली तेव्हा फोन आला. तासाभरावरच्या कलघटगीला अप्पा पूर्वी खटल्यांसाठी बसनं जायचे. तिथल्या कोर्टासमोरच्या चहावाल्याच्या बायकोनं तो होळगीचा फोटो पाहिला होता. असेच एक आजोबा सकाळपासून कोर्टाच्या कट्ट्यावर बसलेत, चहा दिला तर 'केस लागली की पितो' म्हणतात.

अक्कांच्या भाच्यानं गाडी काढली. कलघटगीला पोचलो. अप्पा तिथेच होते. निळा शर्ट होता. निळा! दोन दिवसांची पांढरी खुंटं वाढली होती आणि चष्मा वरच्या खिशात होता. मला बघून म्हणाले, "उशीर केलीस. आज तारीख होती. पुढं ढकलली." मी त्यांच्या शेजारी बसले आणि भर कोर्टात हुंदके देऊन रडले. बाजूच्या वकिलांना वाटलं, केस हरली असणार.

बेंगळुरूला फोटो पाठवले. वाटलं होतं, हात धजावणार नाही, पण धजावला. ते फोटो खोटे नाहीत, एवढं मला माहीत आहे. ते पुरेसे नाहीत, हेही आता माहीत आहे. कुणी 'हा हलला कसा' विचारलं की पूर्वीसारखा राग येत नाही, धास्ती वाटते.

आता रोज सकाळी अप्पांची आंघोळ झाली की मी त्यांना व्हरांड्यात उजेडाकडे तोंड करून बसवते आणि त्या दिवसाच्या शर्टातला फोटो काढते. समोरून एक, बाजूनं एक. पोलिसांना दाखवता येईल असा, कलेचा वास नसलेला. काढून झाला की तो मोठा करून बघते: भुवई, तीळ, खुंटं. फाटकाला आता कुलूप असतं, तरी फोटो काढते. अप्पांना कधी वाटतं पासपोर्ट काढायचाय, कधी वाटतं कोर्टाला लागतोय. एकदा म्हणाले, "माझं लग्न ठरलं की काय?"

परवा फोटो काढून झाला तरी ते उठले नाहीत. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. चेहऱ्यावर वकिली आठी होती.

"माझा रोज काढतीस. तुझा कुठाय?"

"माझा कशाला, अप्पा?"

"तू हरवलीस तर? मी पोलिसांना काय दाखवू?"

मला हसू आलं. आत गेले, कुठल्याशा जुन्या अर्जासाठी काढलेला माझा एक फोटो शोधून आणला आणि त्यांच्या हातात दिला. चेहरा अगदी स्पष्ट होता. अप्पांनी तो जवळ धरला, लांब धरला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं. मग उलटा करून कोरी बाजू माझ्यापुढे धरली.

"इथं लिहून दे, ही कोण," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर मला सांगता यायला पाहिजे की."

मी पेन आणलं. नाव लिहिलं नाही. 'तुमची मुलगी' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि फोटो त्यांच्या खिशात ठेवला.