एकतर्फी

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. काल लातूरला नात म्हणाली, “आबा, ‘युनिलॅटरल’ म्हणजे?”

“एकतर्फी, एकांगी. हा इंग्रजी शब्द प्रेमाला चालत नाही, निर्णयाला चालतो.”

“मग एक वाक्य सांगा.”

नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेली माझी धाकटी बहीण कमल डोळ्यांपुढं आली. कंधारच्या आमच्या घराच्या चौकटीला धरून ती उभी होती. तिला न्यायला आलेला नवरा आत बशीतून चहा पीत होता.

“दादा, माझं बी ऐक की.”

“जावयानं सांगितलंय सगळं. पिशवी उचल.”

तिनं पिशवी उचलली. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी. मधून ती निघाली.

पुढं अर्धापूरला तिच्या घरी कितीदा जेवलो. निघताना ती केळी बांधून द्यायची. ती वारली, तरी हे माझ्या ओठांवरच राहिलं: “कमे, मी तुझं ऐकलंच नाही. माझं चुकलं.”